तिकीट काढावं की नाही?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



उन्हाळा जवळ आला की वर्तमानपत्रांत सहलींच्या जाहिराती सुरू होतात. पूर्वी या जाहिराती पुण्या-मुंबईच्या लोकांनी वाचायच्या असत. आता पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या तिसगावसारख्या गावातूनही माणसं युरोपला, थायलंडला जाऊन येतात. निवृत्त शिक्षक जातात, दुकानदार जातात, मुलगा परदेशी नोकरीला असलेले शेतकरी आईवडील जातात. मी आणि आमचे हे, दोघंही शाळेतून निवृत्त झाल्यावर एका ग्रुपबरोबर युरोप पाहून आलो. तेव्हापासून सहलीला निघालेली मंडळी आमच्याकडे चौकशीला येतात. स्वेटर किती घ्यावेत, चटण्या नेता येतात का, हे सगळं विचारून होतं. मग आवाज जरा खाली येतो. "बाई, ते पॅरिसचं नाचाचं असतं ना, ते पाहावं का? पैसे वेगळे भरावे लागतात म्हणे."

या प्रश्नाचं 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर मी देत नाही. आज जरा सविस्तर देते.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. पॅरिसमध्ये माँमार्त्रच्या टेकडीच्या पायथ्याशी मूलाँ रूज नावाचं नाट्यगृह आहे. मूलाँ रूज म्हणजे लाल पवनचक्की, आणि खरोखरच तशी चक्की दारावर उभी आहे. 1889 साली, म्हणजे आयफेल टॉवर झाला त्याच वर्षी, ते सुरू झालं. पायघोळ झगे उचलून उंच लाथा झाडण्याचा कॅनकॅन नाच इथेच गाजला. चित्रकार तुलूज-लोत्रेकनं काढलेल्या जाहिरातींमुळे हे नाव जगभर गेलं. 1915 मध्ये आगीनं इमारत जळाली, 1921 मध्ये ती पुन्हा उघडली. 2024 च्या एप्रिलमध्ये एका रात्री चक्कीची पाती खाली कोसळली. जुलैच्या सुरुवातीला, ऑलिंपिकच्या आधी, त्यांनी ती परत बसवलीही.

आपल्या जुन्या सहलकरूंच्या तोंडी मात्र 'लिडो शो' हे नाव असतं. शाँझेलिझे रस्त्यावरचं लिडो वर्षानुवर्षं भारतीय ग्रुपांच्या कार्यक्रमपत्रिकेत असायचं. पण तिथला तो पिसांचा आणि नाचाचा खेळ 2022 मध्ये बंद झाला. तेव्हा "आमच्या वेळी लिडो फार छान होतं" हा सल्ला आज उपयोगाचा नाही.

आता पैसे. मूलाँ रूजचं नुसत्या खेळाचं तिकीट साधारण शंभर युरोच्या आसपास सुरू होतं आणि वार, हंगाम पाहून वर जातं. जेवणासह घेतलं तर दुपटीच्याही पुढे. आजच्या भावानं एक युरो म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास. म्हणजे नवराबायको न जेवता पाहून आले तरी वीस हजार रुपये गेले. आमच्याकडे तेवढ्यात दोन बऱ्या शेळ्या येतात. हा हिशेब कुणाला हसण्यासारखा वाटेल, पण ज्यानं कांदा विकून पैसे साठवले त्याच्या डोक्यात तो येणारच आणि यायलाच हवा.

सहल कंपनी सांगते तो आकडा नाट्यगृहाच्या दरापेक्षा जास्त असतो. त्यात लबाडीच असते असं नाही. युरोपात बसचालकानं दिवसात किती तास गाडी चालवायची आणि किती विश्रांती घ्यायची याचा कडक कायदा आहे. रात्री उशिरा बस हवी तर तिचे पैसे वेगळे पडतात. पण फरक किती आणि कशाचा, हे विचारण्यात कमीपणा वाटू देऊ नका. बसायची जागा कुठली, खेळ पहिला की उशिराचा, हेही आधीच विचारा. जेवणाचं तिकीट सहसा घेऊ नये असं माझं मत आहे. ग्रुपचं जेवण त्या दिवशी झालेलंच असतं, आणि नाचाकडे बघताना ताटातलं नीट खाल्लंही जात नाही.

त्या पैशात मिळतं काय? आम्ही पाहिला तो 'फेरी' नावाचा खेळ. 1999 च्या डिसेंबरपासून तो चालू आहे. साठेक कलावंत, हजारावर पोशाख, जवळजवळ दोन तास. लांबलचक टेबलांना चिकटून अनोळखी माणसं शेजारी शेजारी बसवतात, त्यामुळे मान सतत एका बाजूला वळवावी लागते. टेबलावर शॅंपेन येते. आम्ही फळांचा रस मागितला, तो दिला. फोटो काढायला बंदी आहे. नाचाच्या मधे कसरती होतात. एकदा रंगमंचातून पाण्याची काचेची टाकी वर आली आणि एक बाई सापांबरोबर त्यात पोहली. तेव्हा माझ्या शेजारच्या सोलापूरच्या आजी "अगं बाई" म्हणून उठूनच उभ्या राहिल्या.

मला सगळ्यांत जास्त काय आवडलं? पायांचा ठेका. इतक्या मुली, आणि जमिनीवर टाच पडायची ती एकच. ही पिसं, हे बूट कुठून येतात हे मी नंतर शोधून वाचलं. पिसांचं काम करणारा आणि नाचाचे बूट शिवणारा, असे पॅरिसचे दोन जुने कारखाने या नाट्यगृहानं विकत घेऊन जगवले आहेत. म्हणजे तिकिटाचा पैसा शिंप्यापर्यंत आणि चांभारापर्यंत पोचतो. हे समजल्यावर मला शंभर युरो कमी खटकले.

आता संकोचाचा मुद्दा. स्पष्टच सांगते, कारण सहलीचं माहितीपत्रक ते सांगत नाही. काही नाचांत मुलींचं कमरेवरचं अंग उघडं असतं. खेळात ते ओंगळ करून दाखवत नाहीत, दहा मिनिटांत नजरेला सवय होते. पण ज्यांना हे नकोच आहे त्यांनी तिकीट काढू नये. बाकीचा सगळा ग्रुप निघालाय, आपण दोघंच हॉटेलवर कसं राहायचं, एवढ्याच भीतीनं कितीतरी जोडपी पैसे भरतात आणि दोन तास टेबलक्लॉथकडे बघत बसतात. त्यांच्यासाठी तो खेळ फुकट मिळाला तरी महाग. त्यापेक्षा त्याच शहरातलं लूव्र संग्रहालय आतून पाहा. बरेच ग्रुप ते बाहेरूनच दाखवतात. त्याचं तिकीट या तिकिटाच्या निम्म्याहून कमी आहे.

थायलंडला जाणाऱ्यांसाठी एक शब्द. पटायात अल्काझार नावाचा असाच खेळ 1981 पासून चालतो. तिथल्या नर्तिका जन्मानं पुरुष असलेल्या, पण स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्ती असतात. पॅरिसच्या मानानं तिकीट बरंच कमी, वेळही तासाभराचा. खेळ संपल्यावर त्या बाहेर उभ्या राहतात. त्यांच्याबरोबर फोटो काढला तर बक्षिशी द्यायची असते. तीही त्यांची कमाई आहे. द्यायची नसेल तर फोटो काढू नये, आणि खिदळू तर मुळीच नये. ज्या मुलखात नाच्या पोरांनी शंभर वर्षं फड गाजवले, त्या मुलखातल्या माणसांना हे निराळं समजवायची गरज पडू नये.

फडाचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलते. आमच्याकडे हळूच विचारणाऱ्यांत पुरुषांचा प्रश्न पैशाचा असतो. बायकांचा तो नसतो. त्यांना विचारायचं असतं की आपण असलं बघितलं तर चालेल का. मी लहान होते तेव्हा जत्रेच्या रात्री ढोलकीचा आवाज रानातून आमच्या अंगणापर्यंत यायचा. घरातले सगळे पुरुष तमाशाला गेलेले असत. आई, आत्या, आम्ही मुली अंगणात वाकळा टाकून ती ढोलकी ऐकत पडायचो. आत्याला लांबूनच समजायचं, आता गण संपला, आता गवळण लागली, आता वग सुरू झाला. पण तिनं उभ्या जन्मात तमाशा डोळ्यांनी पाहिला नाही. नाचणारीही बाई आणि अंगणात पडलेलीही बाई, मधे एक शेत. पॅरिसच्या त्या टेबलावर बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की तिकीट काढून, पुढे बसून, नाचणारीचं काम नीट बघणं ही काय गोष्ट असते. मला ते साठाव्या वर्षी, सात हजार किलोमीटरवर जाऊन मिळालं.

आणि हे सगळं कुठल्या जिल्ह्यात? जिथली पवळा हिवरगावकर तमाशातली पहिली स्त्री कलावंत मानली जाते, त्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथली ही पवळा. मूलाँ रूजचे दिवे लागले त्याच काळातली. मूलाँ रूजच्या नर्तकीचं चित्र आज संग्रहालयात टांगलेलं आहे. आपल्याकडे विठाबाई नारायणगावकरांना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आणि 2002 मध्ये त्या गेल्या त्या हलाखीत.

आजचा फड म्हणजे शंभराच्या आसपास माणसं, ट्रक, तंबू, जनरेटर. दसऱ्याला बाहेर पडायचं, चैत्र-वैशाखातल्या जत्रा करून परतायचं. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी ठरवायला जातात. कलावंतांना हंगामाआधी उचल द्यावी लागते, ती फडमालक कर्ज काढून देतो. 2020 आणि 2021 मध्ये जत्रा बंद राहिल्या, तेव्हा कलावंत मजुरीला गेले, पण कर्जावरचं व्याज थांबलं नाही. अशा फडाची तिकिटाची कनात गावात लागली की आपण काय करतो? ओळखीनं फुकट पास मागतो, नाहीतर कनात उचलून आत शिरतो. पॅरिसला मात्र एका तिकिटाला दहा हजार मोजून, वर शिस्तीत रांग लावतो.

तेव्हा माझं उत्तर असं. नाच, कपडे, रोषणाई यांची मनापासून हौस असेल, रात्रीचं जागरण झेपत असेल आणि पैसे उसने घेतलेले नसतील तर मूलाँ रूजचं बिनजेवणाचं तिकीट जरूर काढा. जाताना जोडीदाराला घेऊन जा, लपवाछपवी करू नका. हौस नसेल तर खुशाल झोपा, तुमचं काहीही चुकणार नाही. केवळ प्रसिद्ध आहे म्हणून, किंवा परत आल्यावर सांगायला हवं म्हणून काढलेलं तिकीट मात्र नेहमीच महाग पडतं.

पॅरिसला जाणं सगळ्यांना जमणार नाही. पण दसऱ्यानंतर फड बाहेर पडतील. जवळच्या जत्रेत कनात लागली तर घरातल्या बायकांनाही घेऊन जा. पुढच्या रांगेचं तिकीट काढा. पास मागू नका.