गाडीतला टेप आणि तीन तारा



आज आपण बोलणार आहोत जुन्या गाडीत टेप बसवण्याबद्दल. आता त्यात कॅसेट नसते. पेन ड्राइव्ह लागतो, एफएम लागतं, मोबाइल जोडता येतो. पण आपल्याकडे अजून सगळे त्याला टेपच म्हणतात, म्हणून आपणही टेपच म्हणू.

हा विषय बायकांचा कुठला, असं काही जणींना वाटेल. पण मालाची ने-आण करायला गटाने जुनी गाडी घेतली, की तिचं इंजिन, तिचे टायर आणि तिच्यातली प्रत्येक तारसुद्धा गटाचीच होते. ती तार कुठून कुठे जाते, एवढं तरी आपल्याला माहीत हवं.

आमच्या गटाकडे जुनी ओम्नी आहे. आठवडी बाजाराला पापड, लोणची, चटण्या तिच्यातूनच जातात. रात्री-अपरात्री कुणाला कळा सुरू झाल्या, तर आरोग्य केंद्रापर्यंत हीच गाडी धावते. म्हणून आमचा एक नियम आहे. चावी फिरवली की गाडी सुरू झालीच पाहिजे. गाणी, बातम्या, बाजारभाव हे सगळं त्याच्यानंतर.

गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने बसवलेला टेप तिच्यात होता. अधूनमधून पहाटे बॅटरी उतरलेली असायची आणि बाजाराच्या दिवशी आम्ही चौघी-पाचजणी गाडीला धक्का मारायचो. तालुक्याच्या गावी एका दुकानात दाखवली. दुकानदार म्हणाला, "ताई, बॅटरी गेली, नवी घ्या. आणि मालकांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." आम्ही म्हणालो, मालक आम्हीच. पण नवी बॅटरी घेण्याआधी दुसऱ्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने गाडी बंद केली, चावी काढून घेतली आणि मीटर लावून पाहिलं. टेपकडे वीज जातच होती. बॅटरी चांगली होती, दोष टेपच्या जोडणीत होता. नव्या बॅटरीचे पैसे वाचले. तेव्हा त्याच्याशेजारी उभं राहून जे समजून घेतलं, तेच आज तुम्हाला सांगतो आहोत.

टेपच्या मागून बऱ्याच रंगीत तारा निघतात. घाबरायचं कारण नाही. त्यातल्या मुख्य तीन लक्षात ठेवा: पिवळी, लाल आणि काळी.

पिवळी तार बॅटरीला कायम जोडलेली असते. तिच्यावर टेपची आठवण चालते, म्हणजे तुम्ही लावून ठेवलेली स्टेशनं आणि घड्याळ. त्यासाठी अगदी किरकोळ वीज लागते. लाल तार चावीवर असते. चावी फिरवली की टेप जागा होतो, चावी काढली की झोपतो. काळी तार म्हणजे अर्थ. ती गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, रंग खरवडून, स्वच्छ पत्र्यावर घट्ट आवळायची असते.

घोटाळा होतो तो पिवळ्या आणि लाल तारेत. चावी नसतानाही गाणी ऐकता यावीत म्हणून काही जण दोन्ही तारा एकत्र पिळून थेट बॅटरीवर देतात. मग चावी काढली तरी टेप आपोआप बंद होत नाही. त्याचं बटण आठवणीने दाबावं लागतं. आवाज अगदी बारीक करून कुणी उतरलं, तर टेप रात्रभर चालूच राहतो. आमच्या गाडीत नेमकं हेच होतं.

हिशेब करून बघा. लहान गाडीची बॅटरी साधारण 35 अँपियर-तासांची असते. बारीक आवाजात टेपने एक अँपियर वीज घेतली, तर 10 तासांत 10 अँपियर-तास गेले. बॅटरी जुनी असेल तर तिच्यात मुळात भरलेलंच कमी असतं. दोन रात्री अशा गेल्या, की तिसऱ्या पहाटे स्टार्टर फिरवायला ताकद उरत नाही.

याची परीक्षा कुणालाही घेता येते. टेप लावा, एक स्टेशन धरा आणि चावी काढा. टेप बंद झाला पाहिजे. पुन्हा चावी फिरवा. तेच स्टेशन लागलं पाहिजे. चावी काढूनही टेप वाजतच राहिला, तर लाल तार चुकीच्या जागी आहे. टेप बंद झाला, पण दर वेळी स्टेशन आणि घड्याळ विसरला, तर पिवळी तार चुकीच्या जागी आहे. ही परीक्षा दुकानाच्या दारातच घ्या, पैसे देण्याआधी.

दुसरी मोठी गोष्ट फ्यूजची. घरात मीटरजवळ फ्यूज असतो, तसाच तो टेपच्या पिवळ्या तारेलाही लागतो. ती तार बॅटरीवरून थेट ओढली असेल, तर फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. कारण तो नुसत्या टेपसाठी नसतो, तारेसाठीही असतो. तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर फ्यूज उडतो आणि वीज तिथेच थांबते. फ्यूज नसेल तर तार लाल होईपर्यंत तापते आणि गाडीत आग लागू शकते. टेपला सहसा 10 किंवा 15 अँपियरचा फ्यूज लागतो. नेमका किती, ते टेपवर किंवा त्याच्या कागदावर छापलेलं असतं. फ्यूज वारंवार उडत असेल तर तार, सिगारेटच्या पाकिटातली चांदी असलं काही त्याच्या जागी घालू देऊ नका. फ्यूज का उडतो, ते शोधायला लावा.

जुन्या गाडीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. तारांवरचं आवरण वर्षानुवर्षांच्या उन्हाने कडक झालेलं असतं, वाकवलं की तडकतं. आधीच्या मालकांनी कुठे कुठे जोड दिलेले असतात, त्यामुळे गाडीच्या तारांच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. चांगला कारागीर आधी मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावून बघतो आणि मगच जोडतो. काम सुरू करण्याआधी तो बॅटरीची निगेटिव्ह बाजू सोडवतो. तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळत नाही, कपलर किंवा सोल्डर वापरतो. पत्र्याच्या भोकातून तार न्यायची असेल तर भोकाला रबरी कडं बसवतो. तुमच्यासमोर हे होत नसेल तर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता स्पीकर. टेपच्या खोक्यावर 50 वॉट, चार स्पीकर असं मोठ्या अक्षरांत असतं. तो क्षणभराचा कमाल आकडा असतो, सतत मिळणारी ताकद त्याच्यापेक्षा बरीच कमी असते. मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. स्पीकरच्या दोन्ही तारा टेपपर्यंतच गेल्या पाहिजेत. तार वाचवायला त्यातली एक पत्र्याला जोडली तर टेप जळू शकतो. आणि इंजिनाचा वेग वाढेल तशी शिट्टी चढत गेली, तर आधी काळ्या तारेचा अर्थ तपासा. बहुतेकदा तो ढिला असतो.

शेवटची तार आपल्या रेडिओची, म्हणजे अँटेनाची. आपल्यासारख्या सामुदायिक रेडिओ केंद्रांना 100 वॉटपर्यंतची ताकद वापरायची परवानगी असते. आकाशवाणीची मोठी एफएम केंद्रं हजारो वॉटवर चालतात. त्यामुळे अँटेना मोडकी असली तरी मोठं केंद्र लागतं आणि आपलं मात्र खरखरतं. मग लोक म्हणतात, गावच्या रेडिओत दम नाही. दम असतो, अँटेनाचं टोक टेपच्या मागे नीट खोचलेलं नसतं. स्वस्तातला मोबाइल चार्जर लावलेला असेल तर तोही काढून बघा, त्याच्यानेही खरखर होते.

आता खर्चाचं. टेपचा विषय निघाला तेव्हा आमच्या बैठकीत दोन मतं पडली. काही जणी म्हणाल्या, गटाचा पैसा गाण्यांवर कशाला? काही म्हणाल्या, बाजाराच्या वाटेवर भाव कळले तर दोन पैसे जास्त मिळतील. शेवटी ठरलं, साधा टेप, पुढचे दोनच स्पीकर आणि उरलेले पैसे चांगल्या तारा, फ्यूज आणि मजुरीवर. मोठा टेप आणि कच्च्या तारा यांपेक्षा साधा टेप आणि पक्क्या तारा बऱ्या. बिल गटाच्या नावाने घेतलं आणि दप्तराला लावलं. विमा कंपनीलाही कळवा. बाहेरून बसवलेल्या वस्तूला विम्याचं संरक्षण हवं असेल तर तशी नोंद आणि थोडा जादा हप्ता लागतो.

गाडी चालवणाऱ्या मैत्रिणींना एकच सांगणं. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा आणि स्टेशन बदलायचं काम शेजारी बसलेलीकडे द्या.

आपल्यापैकी प्रत्येकीने हातात पाना घ्यावा, असं आमचं म्हणणं नाही. कारागिराचं काम कारागिरानेच करावं. पण ते होत असताना बाहेर चहा पीत बसू नका, जवळ उभ्या राहा. पिवळी कुठे दिली, लाल कुठे दिली, फ्यूज कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारा. दुकानदाराने मालकांना पाठवा म्हटलं, तर तुमच्या गटाचं नाव सांगा.

तुमच्या गाडीचे, मोटारीचे, पंपाचे असेच काही प्रश्न असतील तर केंद्रावर चिठ्ठी पाठवा. पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर नमस्कार.