दाण्याला दोष देण्याआधी

सातारा-सांगलीकडील औद्योगिक वसाहतींत, साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात आणि दूध संघांच्या संकलन केंद्रांवर ‘हल्ली मनापासून काम करणारा माणूसच मिळत नाही’ ही तक्रार इतकी रुळून गेली आहे, की ती एकदा तपासून पाहावी असे कोणाला वाटेनासे झाले आहे. कार्यसंस्कृती, म्हणजे देखरेख करणारा समोर नसताना कामाच्या ठिकाणी माणसे ज्या रीतीने वागतात ती रीत, ही कामगाराने घरून आणायची वस्तू नव्हे. ती चालकांनी घडवायची असते. आजच्या भाषणाचा मुद्दा एवढा एकच आहे आणि तो निसटू नये म्हणून पुढे पुन्हा पुन्हा सांगितला जाईल.

या मुद्द्याचा दाखला शोधण्यासाठी या दोन जिल्ह्यांबाहेर जावे लागत नाही. बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागल्यामुळे अडचणीत आलेल्या कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जागा आणि कर्जाऊ रक्कम दिली, आणि १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. सोबत सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे होती. किर्लोस्कर बनवत असलेल्या लोखंडी नांगराने जमीन नासते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. म्हणजे माल खपण्याची शाश्वती नव्हती आणि राहण्याची सोयही स्वतःच उभी करायची होती. अशा परिस्थितीत माणसे टिकली, याचे कारण केवळ पगारात शोधणे पुरेसे नाही.

कारण शोधायचे ते जबाबदारीच्या वाटपात. किर्लोस्करवाडीत शंभोराव जांभेकरांनी यंत्रांवर विलक्षण हुकमत मिळवली होती, कल्पक अभियंता म्हणून नाव मिळवणाऱ्या अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती, आणि मंगेशराव रेगे कारकून म्हणून येऊन पुढे हिशेबाचा सारा कारभार सांभाळू लागले होते. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांकडे तर वसाहतीच्या पहाऱ्याचे काम सोपवण्यात आले आणि त्यांनी ते विश्वासाने केले. व्यवस्थापनशास्त्रात ज्याला अभिप्रेरणा म्हणतात, म्हणजे काम चांगले व्हावे अशी करणाऱ्याच्याच मनात उत्पन्न होणारी इच्छा, ती येथे भाषणातून उत्पन्न झाली नाही. आधी विश्वास टाकला गेला आणि लायकी त्यामागून आली. आजचे बहुतेक चालक हा क्रम उलटा लावतात. माणसाने आधी लायकी सिद्ध करावी, मग त्याच्यावर काही सोपवू, असे ते म्हणतात, आणि काही न सोपवता लायकी सिद्ध कशी व्हावी, याचा विचार करत नाहीत.

जात्यावर दळण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा प्रकार चटकन उमगेल. रोजच्या दळणाने जात्याचा दगड झिजून गुळगुळीत होतो. असे जाते हाताला हलके लागते, भरभर फिरते, घरघर आवाजही करते, परंतु पीठ मात्र भरड येते. जाणती बाई अशा वेळी जोंधळ्याला नावे ठेवत नाही. ती पाथरवटाकडून जात्याला टाकी लावून घेते, म्हणजे छिन्नीने दगडाला पुन्हा खरखरीतपणा आणवते. कारखान्यातील बैठका, टार्गेटचे तक्ते आणि भिंतीवरची सुभाषिते ही त्या हलक्या फिरणाऱ्या जात्याची घरघर होय. टाकी लावणे म्हणजे मिस्त्री आणि सुपरवायझर यांना पुन्हा शिकवणे. दाणेसुद्धा मूठमूठच घालावे लागतात. एकदम ओंजळभर घातले तर ते अर्धवट भरडून बाहेर पडतात, आणि हंगामाच्या तोंडावर नवख्या माणसाला सर्व कामे एकदम सांगितली की तेच होते. तरीही दोष दाण्याला!

याच मातीत दुसरा दाखला आहे. काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते असलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास नेली. तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि एका पंगतीत जेवत. नेत्याच्या घरची झळ त्यांना दिसत होती, कारण मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले होते. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या वसाहतीत औंध संस्थानाने कैद्यांना कुटुंबासह राहण्याची मुभा दिली, हा प्रयोगही याच विचाराचा होता. त्याविषयी स्वतंत्रपणे बोलावे लागेल.

वेळ थोडा उरला असल्याने व्यवहाराकडे वळणे भाग आहे. कुपवाड किंवा मिरजेच्या वसाहतीतील एखाद्या ओतशाळेत खराब माल निघाला, की पहिला प्रश्न ‘कोणी केले?’ असा विचारला जातो, आणि उत्तरादाखल कामगार पुढच्या वेळी खराब नग लपवण्यास शिकतो. ‘हे कशाने झाले?’ असे विचारले असते, तर वाळूतील ओल, धातूचे तापमान किंवा साच्यातील दोष यांची माहिती त्याच माणसाकडून फुकट मिळाली असती. चूक सांगणाऱ्याला शिक्षा होत नाही, एवढी खात्री पटली म्हणजे कार्यसंस्कृतीचा निम्मा पाया घातला गेला, असे समजण्यास हरकत नाही.

किर्लोस्करवाडीतही आरंभीचे दिवस सोपे नव्हते आणि मालकाचा शब्द तेथे अखेरचा असे, हे विसरून त्या काळाचे कौतुक करण्यात अर्थ नाही. कंत्राटी कामगार, म्हणजे ठेकेदारामार्फत येणारा आणि कारखान्याच्या हजेरीपटावर नसलेला माणूस, त्याला या संस्कृतीत सामावून कसे घ्यावे, हा प्रश्न तर त्या काळच्या दाखल्यांनी सुटतच नाही, आणि त्याच्या उत्तराला आजचा वेळ पुरणार नाही. तोवर चालकांनी एक काम करावे: आपल्या सुपरवायझरला शेवटचे प्रशिक्षण कधी दिले, हे दप्तर उघडून पाहावे. तेथे नोंदच सापडली नाही, तर कामगाराविषयीची तक्रार तूर्त मागे घ्यावी.