पेशी किती, हा अर्धाच प्रश्न

भातसानगरला जमलेल्या आपल्यासारख्या मंडळींपुढे रक्ताच्या प्लेटलेटवर बोलायला कारण आहे. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या दवाखान्यांत नातेवाईक आधी विचारतात ते 'पेशी किती?' धरण उशाशी असून टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना पाणी पिंपात साठवावंच लागतं आणि डेंग्यूचा एडिस डास त्याच पाण्यात वाढतो. तेव्हा हा प्रश्न इतक्यात सुटणारा नाही. माझं म्हणणं एवढंच, की आकड्यावरून प्लेटलेट आहेत हे कळतं, त्या काय करतील हे कळत नाही.

प्लेटलेट रक्तातून निमूट वाहते, कारण तिला सतत थोपवून धरलेलं असतं. रक्तवाहिनीचं शाबूत अस्तर प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड सोडत राहतं. पहिल्याने प्लेटलेटच्या आत सायक्लिक एएमपी वाढतं, दुसऱ्याने सायक्लिक जीएमपी, आणि कॅल्शियमची उसळी दबते. प्रोस्टासायक्लिनचा शोध 1976चा. त्यात वाटा असलेल्या जॉन वेन यांना 1982मध्ये नोबेल मिळालं. जखम झाली की अस्तराखालचं कोलॅजन उघडं पडतं, थ्रॉम्बिन तयार होतं, आणि चेतवलेली प्लेटलेट एडीपी व थ्रॉम्बॉक्सेन सोडून शेजारणींनाही चेतवते. मग तिच्या पृष्ठभागावरची ग्रहणस्थानं आकार बदलून फायब्रिनोजेन पकडतात आणि गुठळी धरते. ग्लान्झमन या आनुवंशिक विकारात हीच ग्रहणस्थानं सदोष असतात: संख्या ठीक, तरी रक्त थांबत नाही. अ‍ॅस्पिरिनचंही तसंच. संख्येला धक्का न लावता ती थ्रॉम्बॉक्सेनसाठी लागणारं विकर कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने नवं विकर बनत नाही. तिच्या 7 ते 10 दिवसांच्या आयुष्यात ही उणीव भरून निघत नाही. काउंटरवर मात्र दोन लाख दिसतात!

कोणी म्हणेल, पाड्यावरच्या रुग्णाची कार्यचाचणी करणार कुठे? आकडा निदान हाताशी तरी आहे. खरं आहे, आणि आकडा टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण एकट्या आकड्याच्या धाकाने पिशव्या चढवण्याला आधार नाही. सिंगापूर-मलेशियातल्या प्रौढ डेंग्यूरुग्णांवरचा प्रयोग 2017मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. प्लेटलेट 20,000 किंवा कमी, पण रक्तस्राव नाही, अशांना खबरदारी म्हणून प्लेटलेट दिल्या. रक्तस्राव घटला नाही, दुष्परिणाम वाढले. डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो बहुधा रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपल्याने, आणि ते हिमॅटोक्रिट सांगतं. पपईच्या पानांच्या रसाने पेशी वाढल्याचे दाखलेही दिले जातात. ताप उतरल्यावर त्या तशाही वाढतात. आणि रसाने वाढल्या असं मानलं, तरी रक्तस्राव टळला हे त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून प्रयोगशाळेतल्या आणि दवाखान्यातल्या सहकाऱ्यांना विनंती आहे. आकड्याशेजारी हिमॅटोक्रिट लिहा. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, अंगावर लाल ठिपके आहेत का ते लिहा. आणि येण्याआधी रुग्णाने कोणती गोळी, कोणतं इंजेक्शन घेतलं, हे विचारल्याशिवाय त्याला सोडू नका. डेंग्यूची शंका असेल तर तापाला पॅरासिटामॉलच द्या. अंगदुखीसाठी सर्रास टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन या मोसमात तरी दूर ठेवा.