तेलाचा दाब आणि घाईचा निकाल

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे बसलेल्या कितीतरी कुटुंबांच्या दारात कधी ना कधी फियाट उभी राहिलेली आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि इटलीच्या फियाटची गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली. १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली आणि पुढे तिचीच ‘पद्मिनी’ झाली. चार सिलिंडर, १०८९ सीसी. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. घरोघरी जपून ठेवलेल्या गाड्या मात्र अजून आहेत, आणि त्यांची इंजिनं पुन्हा बांधून घेणारी हौशी मंडळीही आहेत.

आम्ही सरकारी नोकर, शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. रविवारी आम्ही तिघे-चौघे मित्र अशा गाड्यांपाशी जमतो. आज जे सांगणार ते एका पद्मिनीच्या निमित्ताने.

ही गाडी आपल्याच एका सभासदांच्या वडिलांची. वडील गेल्यावर बरीच वर्षं ती कव्हरखाली होती. मुलाने हौसेने इंजिन बांधून घेतलं. बोअर केलं, क्रँक घासली, बेरिंग नवी टाकली. तीनशे किलोमीटर झाले आणि एका दुपारी सिग्नलला उभं असताना ऑइलचा लाल दिवा मिणमिणू लागला. गॅस दिला की विझायचा, सोडला की पुन्हा लागायचा.

मग काय, प्रत्येकाचं मत तयार! बहुतेकांचा निकाल एकच होता: क्रँक घासणाऱ्या मिस्त्रींनी माप चुकवलं. इंजिन पुन्हा खोलायचं आणि मिस्त्रींचे राहिलेले पैसे द्यायचे नाहीत, इथपर्यंत गोष्ट आली. मिस्त्री वयस्कर, हातावर पोट असलेले. त्यांच्या कामाबरोबर त्यांचं नावही पणाला लागलं होतं.

आम्ही एवढंच म्हणालो, आधी मोजू या.

तेलाचा दाब म्हणजे काय, हे समजलं तर निम्मं काम होतं. घरातल्या पाण्याच्या मोटरचं उदाहरण घ्या. मोटर पाणी ढकलते. एकच नळ उघडा असेल तर धार जोरात येते, सगळे नळ सोडले तर मंदावते. मोटर तीच असते. इंजिनातही पंप फक्त तेल ढकलतो. बेरिंग आणि क्रँक यांच्यातल्या बारीक फटीतून तेलाला वाट काढावी लागते, त्या अडथळ्यामुळे दाब तयार होतो. ही फट दुप्पट झाली तर तेल दुप्पट नव्हे, सुमारे आठपट सुटतं. म्हणून जुनी माणसं हिशेब सांगतात की क्रँकच्या जर्नलच्या दर इंच व्यासामागे एक हजारांश इंच फट. दाब फार वाढू नये म्हणून स्प्रिंगवर बसलेला रिलीफ व्हॉल्व्ह जादा तेल परत चेंबरमध्ये सोडतो.

आता तपासणी. बाहेरून आत आणि स्वस्तातून महागाकडे जायचं.

पहिलं, लाल दिव्यावर निकाल देऊ नये. दिव्याचा स्विच खराब असू शकतो, त्याची वायर बॉडीला लागलेली असू शकते. स्विच काढून त्या जागी नळीचा साधा प्रेशर गेज लावावा.

दुसरं, तेल पाहावं. डिपस्टिकवर पातळी बरोबर आहे का? ती आपोआप वाढली असेल आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्युएल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलात उतरत असेल. आजच्या नव्या गाड्यांचं पातळ तेल ह्या इंजिनात घालू नये. सुरतच्या उन्हाळ्यात ते आणखी पातळ होतं. आयडल फार कमी ठेवला असेल तरी दिवा लागतो.

तिसरं, आकडे लिहून काढावेत. थंड इंजिन, गरम इंजिन, आयडलला, आणि तीन हजार फेऱ्यांना. आम्ही सरकारी माणसं, नोंद नसेल ती गोष्ट घडलीच नाही असं मानणारी. इथे ती सवय कामाला आली.

आकडे कसे वाचायचे? थंड असताना दाब भरपूर आणि गरम झाल्यावर आयडलला खूप खाली, पण गॅस दिला की वर चढतो, तर संशय बेरिंगच्या फटीवर किंवा पातळ तेलावर. काटा थरथरतो किंवा वेगात उलट खाली येतो, तर पंप हवा ओढत असेल. तेल कमी असेल नाहीतर जाळीच्या नळीचं पॅकिंग गेलं असेल. थंड-गरम, हळू-जोरात, नेहमीच दाब कमी असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह, पंप, किंवा सफाईच्या वेळी काढलेला आणि परत न बसवलेला तेलवाहिनीचा प्लग. दाब एकदम शून्यावर आला तर काहीही विचार न करता इंजिन बंद करावं.

साधारण हिशेब असा: दर हजार फेऱ्यांना चौरस सेंटिमीटरमागे ०.७ किलो दाब हवा, म्हणजे तीन हजारांना निदान दोन किलो. ह्या गाडीत काय निघालं? गरम असताना तीन हजारांना १.२, आयडलला ०.३. आणि सकाळी थंड इंजिनात, तेल दाट असतानाही, १.६ च्या वर काटा जाईना! इथेच उत्तर होतं. फक्त बेरिंग सैल असती तर थंडीत काटा चांगला वर गेला असता. कुठेतरी मोठी वाट कायमची उघडी होती.

ऑइल चेंबर उतरवला. रिलीफ व्हॉल्व्हचा प्लंजर अर्धवट अडकलेला होता, आणि त्याच्या बैठकीत नखाच्या टोकाएवढी धातूची कपची! चेंबर उतरलाच होता म्हणून कनेक्टिंग रॉडच्या एका बेरिंगची फट मापाच्या प्लास्टिक दोऱ्याने तपासली. मापात निघाली. बेरिंगवर ओरखडाही नव्हता. मिस्त्रींचं काम चोख होतं.

व्हॉल्व्ह, पंप, जाळी धुतली. पंपात पेट्रोलियम जेली भरून तो बसवला, म्हणजे पहिल्या फेरीपासून तेल ओढतो. नवं तेल, नवा फिल्टर घातला. प्लग काढून, गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवलं. चालू केल्यावर थंडीत चार किलो, गरम झाल्यावर वेगात तीन, आयडलला एक. दोनशे किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर पुन्हा बदलला.

काही जण स्प्रिंगखाली वायसर घालून काटा वर आणतात. तसं करू नये. काटा वर जातो, आजार आतच राहतो.

सभासदांनी त्याच संध्याकाळी मिस्त्रींच्या घरी जाऊन उरलेले पैसे दिले, सोबत घारीचा डबाही नेला. बांधलेलं इंजिन दहा-बारा हातांतून गेलेलं असतं. दोष दिसला की पहिलं बोट ज्याच्याकडे वळतं, तो बहुतेक वेळा सगळ्यांत कमी बोलणारा असतो. शे-दोनशे रुपयांच्या गेजने एका कारागिराचं नाव राखलं, आणि इंजिन विनाकारण खोलण्याचा खर्चही वाचवला. आपल्यापैकी कोणाकडे जुनी गाडी असेल तर गेज आमच्याकडे आहे, निःसंकोच न्यावा. परत मात्र आणून द्यावा!

गणपती बाप्पा मोरया!