दशलक्षात दहा भाग



ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला नववीच्या वर्गात ऑक्सिजन तयार करून दाखविला होता. परीक्षानळीत पोटॅशियम क्लोरेट आणि चिमूटभर काळी मँगनीज डायऑक्साइडची पूड. प्रयोग संपल्यावर सरांनी ती पूड धुऊन, गाळून, वाळवून पुन्हा तराजूत घातली. वजन पहिल्याइतकेच भरले. "कामाला आली, पण खर्ची पडली नाही," एवढेच ते म्हणाले. उत्प्रेरकाची याहून नेटकी व्याख्या मला पुढे कलाभवनात मिळाली नाही आणि कारखान्यांतील नोकरीतही नाही.

आजचा विषय त्या काळ्या पुडीच्याच कुळातला आहे. अमोनियाच्या कारखान्यात वायू शुद्ध कसे करतात, हे मला सांगावयाचे आहे. बडोदेकरांना खतकारखाना अपरिचित नाही. तथापि शेवटी जी हकीकत सांगणार आहे, ती दुसऱ्या राज्यातील एका कारखान्याची आहे.

नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा संयोग प्रयोगशाळेत घडवून फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली कार्ल्सरूह येथे थेंबथेंब अमोनिया मिळविला. कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये ओपाऊ येथे त्याचा कारखाना चालू केला. तेथे उत्प्रेरक म्हणून लोखंड वापरले गेले. हे लोखंड दोनशे-अडीचशे वातावरणांचा दाब सोसते, पण ऑक्सिजनयुक्त वायू त्याला सोसत नाहीत. कार्बनचे दोन्ही ऑक्साइड मिळून दशलक्षात दहा भागांच्या आत ठेवावे लागतात. नाहीतर लोखंड मंदावते. आणि हायड्रोजन ज्या नैसर्गिक वायूपासून अथवा नॅफ्थ्यापासून मिळवावयाचा, त्यातच कार्बन भरलेला!

रिफॉर्मरमधून वायू बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि, वाफ वगळली तर, त्यात शेकडा बारा-तेरा भाग कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याची उष्णता प्रथम बॉयलरला देऊन वाफ करतात. साडेतीनशे अंशांवर तो लोह-क्रोमियमच्या थरातून जातो. तेथे मोनॉक्साइड पाण्याच्या वाफेतील ऑक्सिजन घेतो, डायऑक्साइड बनतो आणि वर हायड्रोजन देतो. उरतो शेकडा तीन भाग. तापमान जितके कमी तितके हे रूपांतर अधिक पूर्ण होते, परंतु थंडाव्यात लोखंड आळशी होते. म्हणून वायू दोनशे अंशांपर्यंत निववून तांब्याच्या थरात सोडतात. तांबे मोठे नाजूक. गंधकाचा वा क्लोरीनचा अंश लागला की कायमचे मरते. त्यानंतर मोनॉक्साइड शेकडा ०.३ वर येतो. डायऑक्साइड द्रावणाने धुऊन काढतात, तोही शेकडा ०.१ पर्यंत उरतो.

हा शेवटचा अंश मिथेनेटरमध्ये जातो. तेथे तीनशे अंशांवर निकेलच्या सान्निध्यात दोन्ही ऑक्साइड हायड्रोजनशी संयोग पावून मिथेन व पाणी बनतात. पॉल साबात्ये आणि त्यांचे सहकारी सांदेरां यांनी १९०२ साली ही क्रिया दाखविली होती. गंमत पाहा: ज्या निकेलने रिफॉर्मरच्या धगीत मिथेन मोडला, तेच निकेल येथे मिथेन घडविते! मेहनतीने मिळविलेला थोडा हायड्रोजन त्यात खर्ची पडतो, पण मिथेन लोखंडाला बाधत नाही.

द्रावणाने धुतलेला वायू सत्तर अंशांच्या आसपास असतो. त्याला तीनशेवर नेण्यासाठी वेगळे इंधन जाळणे परवडणारे नाही. म्हणून मिथेनेटरमधून निघणारा तप्त वायू नळ्यांच्या बाहेरून आणि आत जाणारा थंड वायू नळ्यांतून नेतात. जाणारा येणाऱ्याला आपली ऊब देतो. कमी पडेल तेवढी दुसऱ्या एखाद्या उष्ण प्रवाहाकडून घेतात. हीच युक्ती हाबर यांच्या मूळ यंत्रातही होती. कागदावर हा व्यवहार इतका सुंदर दिसतो की त्याची दुसरी बाजू विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आली नव्हती.

वायूत शेकडा एक भाग मोनॉक्साइड असेल तर थराचे तापमान सुमारे चौऱ्याहत्तर अंशांनी वाढते. डायऑक्साइड असेल तर साठ अंशांनी. नेहमीच्या अंशाने तीसएक अंशांची वाढ होते. आता धुण्याचे द्रावण थांबले आणि शेकडा अठरा भाग डायऑक्साइड तसाच पुढे गेला, तर काय होईल, याचा गुणाकार आपणच करावा.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस एका रात्रपाळीत नेमके तेच झाले. द्रावणाचा पंप बंद पडला. अशा वेळी वायू आपोआप तोडणारी यंत्रणा होती, परंतु एक थर्मोकपल खोटी सूचना देत असल्याने ती आठवडाभर बाजूला काढून ठेवली होती. थराच्या माथ्यावरील काटा चढू लागला. मी नवा अभियंता. आत येणारा वायू थंड करावा म्हणून विनिमयकाची बगल-नळी उघडू लागलो. पुस्तकी दृष्ट्या ते चूक नव्हते. पण बाहेर पडणारा वायू क्षणोक्षणी अधिक तापत होता आणि तीच धग नळ्यांमधून येणाऱ्या वायूस देत होता. व्हॉल्व्ह पुरता उघडण्यास जी मिनिटे लागली, तेवढ्यात काटा साडेचारशेच्या पुढे गेला. पॅनेलवरील ऑपरेटर वयाने माझ्याहून पुष्कळ वडील होते. "साहेब, आता थंड करून भागायचे नाही, गॅसच तोडा," असे म्हणून माझ्या होकाराची वाट न पाहता त्यांनी मिथेनेटर बंद केला आणि वायू अलीकडेच आकाशात सोडला.

पुढचे काम सावकाशीचे होते. दोनशे अंशांखाली निकेलला मोनॉक्साइड भेटला तर निकेल कार्बोनिल हा अत्यंत विषारी पदार्थ तयार होतो. म्हणून तो वायू पूर्ण काढून, नायट्रोजन सोडून थर निववावा लागला. पहाट झाली. पात्र शाबूत होते, थराचा वरचा भाग तेवढा निकामी झाला होता.

चौकशीच्या अहवालात "पाळीवरील अभियंत्याने तत्परतेने वायू तोडला" असे वाक्य आले. मी ते वाचले आणि खाली सही केली. त्या वाक्याच्या आधारे मला बढती मिळाली. ऑपरेटर त्याच पदावरून निवृत्त झाले. त्यांना एकदा भेटून मी हे बोललो, तेव्हा त्यांनी फक्त विचारले, "तो थर्मोकपल बदलला ना, साहेब?" बदलला होता. अहवाल मात्र तसाच आहे. सरांच्या नावाने उभ्या असलेल्या या व्यासपीठावरून मी ते वाक्य दुरुस्त करीत आहे: वायू मी तोडला नाही.