सुचणं वेगळं, ठरवणं वेगळं



गृहनिर्माण संस्थेची सभा डोळ्यांसमोर आणा. विषय पाणीटंचाईचा. अध्यक्ष सुरुवातीलाच म्हणतात, "बोअर मारू या." कुणी चाचरत सुचवतं, "आधी टाकीची गळती बघू." लगेच उत्तर मिळतं, "ते बघून झालंय." मग मागच्या रांगेतलं कुणी तोंड उघडत नाही. मला काळजी वाटते ती त्या मागच्या रांगेची.

हीच काळजी अमेरिकेतल्या अॅलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात व्यावसायिकाला होती. 1953 साली 'अप्लाइड इमॅजिनेशन' या पुस्तकात त्याने विचारमंथनाची पद्धत सविस्तर मांडली. नियम चारच: कुणाच्या कल्पनेवर टीका नको, विक्षिप्त वाटलं तरी बोला, जितक्या कल्पना सुचतील तितक्या येऊ द्या, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. पारख नंतर करायची, हे त्याने बजावलं होतं. आपण नेमकं तेच विसरलो. एकाच बैठकीत कल्पना मागवायच्या आणि तिथेच हात वर करून निर्णयही घ्यायचा, याला विचारमंथन म्हणता येणार नाही.

पण ऑस्बॉर्नचीही एक बाजू लंगडी निघाली. 1958 मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी चौघाचौघांचे गट बसवले. दुसरीकडे तितकीच माणसं एकेकटी बसवली आणि त्यांच्या कल्पना, पुनरावृत्ती वगळून, एकत्र केल्या. एकेकट्यांची बेरीज गटाच्या जवळजवळ दुप्पट भरली! पुढे 1987 मध्ये डील आणि श्ट्रोब यांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं. भीती आणि आळस यांचा वाटा त्यात कमी. खरी अडचण पाळीची. एक बोलत असतो तेव्हा बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं.

म्हणून माझा आग्रह आहे: आधी लिहा, मग बोला. दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून चिठ्ठ्या लिहायच्या. सचिवांनी त्या नावं न घेता वाचायच्या. अध्यक्षांचं मत शेवटी. निर्णय पुढच्या सभेत, खर्चाचा अंदाज हाती आल्यावर.

हे आपल्याकडे जमेल का, असं कुणी विचारेल. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने सुचणं आणि ठरवणं यांची ही फारकत केव्हाच करून दाखवली आहे. तिथे अभ्यासगट असतो. त्यात बाहेरचे जाणकारही बसतात, प्रश्न खोदून काढतात, पण ठरवत काहीच नाहीत. ठरवते ती ग्रामसभा, तीही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असला तर विषय पुन्हा चर्चेला येतो. वेळ लागतो, खरंच लागतो. पण याच गावाने 2009 मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला.