वैमानिकाला दिसणारे लडाख

घाट चढून गेलं की मुलूख कसा पालटतो, हे तुम्हांला सांगायला नको. कोकणच्या अंगाला पाऊस आणि झाडी; वर येऊन थोडे पूर्वेला सरकलात, की माण-खटावचे उघडे माळ. काश्मीर आणि लडाख यांच्यामधल्या जोजीला खिंडीतही हाच प्रकार घडतो, पण फार मोठ्या मापाने. खिंडीच्या अलीकडे कुरणे आणि रान, पलीकडे मैलोगणती नुसता खडक. ढग अलीकडेच रिते होतात. लेहला वर्षाकाठी जेमतेम चार इंच पाऊस.

पायी जाणाऱ्याला हा बदल दिवसभर चालल्यावर उमगतो. लष्करी वैमानिकाला तो काही मिनिटांत दिसतो, आणि तेवढ्यातच त्याला त्याचा अर्थ लावावा लागतो.

१९४८ च्या मे महिन्यात कारगिल हल्लेखोरांच्या हाती गेले आणि लेहची वाट तुटली. लेहमध्ये शिबंदी अगदी थोडी. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने सिंधूकाठच्या रेताड जागेवर धावपट्टी तयार करवून घेतली होती. पण तिच्यावर तोवर एकही विमान उतरले नव्हते. २४ मे रोजी एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन आपले डाकोटा विमान तेथे उतरवले. मागाहून विमानांनी फौज पोचली आणि लेह वाचले.

डाकोटा म्हणजे दोन पंख्यांचे मालवाहू विमान. आत हवेचा दाब राखण्याची सोय नाही. त्या वाटेचा हवाई नकाशाही हाती नव्हता.

आता तुम्ही त्या वैमानिकाच्या खुर्चीत बसून पाहा. खाली तांबूस, राखी, कुठे जांभळट डोंगर. दिसायला सुंदर, यात शंका नाही. पण झाड नाही, घर नाही. मग समोरचा कडा केवढा आणि किती लांब, हे कशावरून ठरवायचे? आपण एरवी झाडाच्या मापाने टेकडी मोजत असतो, हे झाड नाहीसे झाल्यावरच कळते. दरी निमुळती होत गेली, तर ती पुढे उघडते की मिटते, हे आधीच ओळखावे लागते. बैलगाडी बोळात अडकली तर बैल सोडून ती मागे ढकलता येते. विमानाला थांबता येत नाही, आणि विरळ हवेत वळायला जागाही जास्त लागते.

अशा वेळी आधार नदीचा. सिंधू दिसली, की दिशा सापडली. आणि तिच्या काठाने मधूनच हिरवा तुकडा दिसतो: बर्फाचे पाणी पाटाने आणून पिकवलेले जवाचे शेत. त्याच्याजवळ गाव असायचेच. भूगोलाच्या पुस्तकात लडाखला सरसकट ‘ओसाड’ म्हणतात, ते मला पटत नाही. वरून पाहणाऱ्याला तिथला माणूस आधी त्याच्या शेतावरूनच दिसतो.

शिक्षकांनी मुलांना एक हिशेब जरूर घालावा. आपली कळसूबाई १६४६ मीटर उंच. लेहचा विमानतळ ३२५६ मीटरांवर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, की जवळजवळ लेहची जमीन लागते! तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश. पंखांना उचल कमी, इंजिनालाही दम कमी. म्हणून उतरताना आणि उडताना विमानाला धाव लांब लागते.

याच्याही वर, काराकोरम खिंडीजवळ, दौलत बेग ओल्डी आहे. उंची पाच हजार मीटरांहून अधिक. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर राजे यांनी तिथे पॅकेट जातीचे विमान उतरवले. पुढे अनेक वर्षे ती पट्टी मालवाहू विमानांवाचून राहिली. ३१ मे २००८ रोजी एएन-३२ आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्याहून मोठे सी-१३०जे तिथे उतरले.

विमाने नवी आली, यंत्रे सुधारली, तरी डोंगराने आपले वेळापत्रक सोडलेले नाही. ऊन चढले, की खडक तापतात, हवा आणखी विरळ होते आणि दुपारी दऱ्यांतून वारे सुटतात. म्हणून लेहची बहुतेक उड्डाणे आजही सकाळीच उरकून घेतात.